सत्तर षटकं आणि त्यानंतर



कसोटी क्रिकेटमध्ये आपल्या पहिल्याच चेंडूवर बळी मिळवणारा पहिला भारतीय गोलंदाज कोण? शाळांच्या प्रश्नमंजूषेत हा प्रश्न विचारला, की पोरं पटकन हात वर करतात. नीलेश कुलकर्णी. डोंबिवलीत जन्मलेला, सहा फुटांहून बराच उंच, डावखुरा फिरकी गोलंदाज. ऑगस्ट १९९७मध्ये कोलंबोच्या प्रेमदासा मैदानावर त्यानं कसोटीतला आपला पहिला चेंडू टाकला, आणि मार्वन अटापट्टू यष्टीरक्षक नयन मोंगियाच्या हाती झेल देऊन परतला. प्रश्न संपला, गुण मिळाले.

पुढचा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही. त्या डावात त्याला दुसरा बळी कधी मिळाला? मिळालाच नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी १ बाद ३९ असलेली श्रीलंका पाचव्या दिवशी ६ बाद ९५२वर जाऊन थांबली. मधले दोन अख्खे दिवस एकही गडी पडला नाही. जयसूर्या आणि महानामा यांनी दुसऱ्या जोडीसाठी ५७६ धावा केल्या. कुलकर्णीचा त्या डावातला हिशेब असा : ७० षटकं, १२ निर्धाव, १९५ धावा, १ बळी. पहिल्या चेंडूनंतर एकोणसत्तर षटकं पाच चेंडू, आणि पदरी काही नाही.

मी हा हिशेब अनेकदा कागदावर मांडून बघितला आहे. विक्रमाच्या पुस्तकात तो पहिला चेंडू राहिला, तो राहणारच. पण त्या माणसाचं पुढं जे झालं ते समजून घ्यायचं, तर मला ही उरलेली षटकं जास्त महत्त्वाची वाटतात.

कुलकर्णी एकूण तीन कसोटी खेळला. त्यातली एक मार्च २००१मधली चेन्नईची, ऑस्ट्रेलियाविरुद्धची. तो सामना भारतानं दोन गडी राखून जिंकला, मालिका जिंकली, आणि हरभजन सिंगनं त्यात पंधरा बळी घेतले. अशा सामन्यात दुसऱ्या टोकाला कोण होतं हे कोणाच्या लक्षात राहणार? तीन कसोटींत मिळून त्याच्या नावावर दोन बळी. दहा एकदिवसीय सामने. दुसरीकडं प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये साडेतीनशेहून जास्त बळी, म्हणजे मुंबईसाठी वर्षानुवर्षं राबलेला हात. आणि मग २०१० साली हाच माणूस मुंबईत एक संस्था काढतो. 'इंटरनॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ स्पोर्ट्स मॅनेजमेंट' असं तिचं नाव. खेळ कसा खेळावा हे तिथं शिकवत नाहीत. खेळाचा कारभार कसा चालवावा, हे शिकवतात. २०२० साली या संस्थेला राष्ट्रीय खेल प्रोत्साहन पुरस्कार मिळाला.

फिरकी गोलंदाजाचा उद्योजक झाला, एवढंच असतं तर आजचं हे भाषण करायला मी आलो नसतो. अशा गोष्टी हल्ली व्यवस्थापनाच्या शिबिरांत फार रंगवून सांगतात. 'गुगली टाका आणि बाजारपेठ जिंका' छापाची व्याख्यानं मी कारखान्यात असताना पुष्कळ ऐकली. जेवण चांगलं असायचं. पण ज्यानं उन्हात वीस षटकं सलग टाकली आहेत, त्याला हे बोलणं ऐकून हसू येतं. चेंडू फिरवायच्या बोटांचा आणि ताळेबंदाचा काही संबंध नसतो.

मला संबंध दिसतो तो वेगळाच, आणि तो पोटाचा आहे. चेंडू टाकून झाल्यावर गोलंदाजानं जगायचं कशावर? आमच्याकडं या प्रश्नाची गोष्ट फार जुनी आहे. ती साताऱ्यातून जाते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्याच्या हिंदूंच्या संघात पालवणकर बाळू नावाचा डावखुरा फिरकी गोलंदाज होता. चर्मकार समाजातला. पुण्यात पारशांच्या एका क्लबात खेळपट्टी झाडायला आणि लोटायला त्याला महिना तीन रुपये मिळत. नंतर इंग्रजांच्या क्लबात चार रुपये. रोलर फिरवायचा, जाळ्या उभ्या करायच्या, टेनिसच्या मैदानावर चुन्याच्या रेघा मारायच्या आणि वेळ पडली की साहेबांना सरावासाठी चेंडू टाकायचे. तासन् तास टाकायचे. फलंदाजी मात्र त्याला कोणी दिली नाही. कॅप्टन ग्रेग नावाचा नामांकित फलंदाज स्वतः बाद झाला की दर वेळी त्याला आठ आणे द्यायचा, अशी दंतकथा आहे. खरी असो नसो, गोलंदाजाचा दर ठरवणारा फलंदाज मला तिच्यात दिसतो.

हा पुण्याचा संघ साताऱ्याला इंग्रजांच्या जिमखान्याविरुद्ध खेळायला आला. बाळूच्या फिरकीची धार बोथट व्हावी म्हणून जिमखान्यानं म्हणे कित्येक दिवस खेळपट्टीवर रोलर फिरवून ती तुळतुळीत केली होती. बाळूनं सात बळी घेतले आणि सामना पुण्यानं जिंकला. साताऱ्यात त्याची हत्तीवरून मिरवणूक निघाली असंही सांगतात. पुण्याला परतल्यावर न्यायमूर्ती रानड्यांनी त्याला हार घातला. त्याच संघात, चहाच्या वेळी त्याचा कप वेगळा असायचा आणि तो तंबूच्या बाहेर बसायचा.

मी साताऱ्यात वाढलो. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी काथ्याच्या मॅटवर डावखुरी फिरकी टाकत मोठा झालो. पण बाळूचं नाव शाळेत असेपर्यंत मला कोणी सांगितलं नव्हतं. ज्या गावात त्याच्यासाठी खेळपट्टी लोटली गेली, त्याच गावात मी तोच प्रकार टाकत होतो, हे मला फार उशिरा पुस्तकातून कळलं.

बाळू १९११ साली भारतीय संघाबरोबर इंग्लंडला गेला आणि एकशे चौदा बळी घेऊन आला. तिकडच्या काऊंटीनं करार देऊन ठेवून घ्यावा असा गोलंदाज. इकडं मुंबईत त्याचं घर चाललं ते रेल्वेतल्या नोकरीवर. नोकरी त्याच्या चेंडूमुळं मिळाली, चेंडू नोकरीमुळं टिकला. हे गणित पुढं सत्तर-ऐंशी वर्षं चाललं. मध्ये काही काळ संस्थानिकही होते. आपल्या सांगलीत १९१५ साली जन्मलेले विजय हजारे, ज्यांच्या नेतृत्वाखाली १९५२मध्ये मद्रासला भारतानं पहिली कसोटी जिंकली, ते बडोद्याच्या आश्रयानं खेळले. संस्थानं गेली, आणि त्यांची जागा कंपन्यांनी घेतली.

या कंपन्यांच्या काळातला माझा आवडता माणूस म्हणजे बापू नाडकर्णी. नाशिकला जन्मले, आधी आपल्या महाराष्ट्राच्या संघाकडून खेळले, मग मुंबईकडून. डावखुरी फिरकी, एकेचाळीस कसोटी, अठ्ठ्याऐंशी बळी. जानेवारी १९६४मध्ये मद्रासला इंग्लंडविरुद्ध त्यांनी एकवीस षटकं सलग निर्धाव टाकली. एकशे एकतीस चेंडूंवर एक धाव नाही. त्या डावात ३२ षटकं, २७ निर्धाव, ५ धावा, ० बळी. बळी शून्य आहे हे विसरू नका. खेळपट्टीवर नाणं ठेवून त्यावर चेंडू पाडायचा सराव ते करत, असं सांगतात. नाडकर्णी एसीसी या सिमेंट कंपनीत नोकरीला होते. अजित वाडेकर स्टेट बँकेत, सुनील गावसकर निरलॉनमध्ये. मुंबईत टाइम्स शील्ड नावाची कार्यालयांची स्पर्धा व्हायची आणि तिच्या एकेका संघात कसोटीपटू असायचे. खेळाडूला संध्याकाळी मैदान, सकाळी मस्टर, महिनाअखेरीला पगार, आणि निवृत्तीनंतर फंड मिळायचा. क्रिकेटचं मानधन तेव्हा इतकं तुटपुंजं होतं, की खरा आधार त्या मस्टरचाच.

सांगली-साताऱ्याकडं हीच पद्धत छोट्या मापानं होती. साखर कारखाने, गिरण्या, इंजिनिअरिंगचे कारखाने. मला १९७४ साली सांगलीजवळच्या एका कारखान्यात घेतलं, ते माझ्या बी.कॉम.च्या गुणांसाठी नव्हे. कामगार विभागाच्या साहेबांनी मुलाखतीत पहिला प्रश्न विचारला, "मॅटवर किती वळतो?" मी म्हणालो, "साहेब, मॅटवर सगळ्यांचाच वळतो. टर्फवर बघा." त्यांनी दुसऱ्याच रविवारी बघितलं आणि सोमवारी नेमणुकीचं पत्र दिलं. पुढं मी त्याच विभागात अधिकारी झालो. कारखान्याचा संघ मीच सांभाळायचो. जिल्ह्यातल्या स्पर्धांत आम्ही बऱ्यापैकी दबा धरून होतो.

नव्वदच्या दशकात ते बंद झालं. खर्च कमी करायचा होता, खेळाडू म्हणून भरती थांबवा असं वरून पत्रक आलं. ते पत्रक नोटीस बोर्डावर माझ्याच सहीनं लागलं, कारण विभाग माझा. मॅट गोडाऊनमध्ये गेली. आमच्याकडंच हे झालं असं नाही, बहुतेक ठिकाणी हळूहळू हेच होत गेलं. त्या वर्षी एक मुलगा माझ्या टेबलासमोर उभा होता. कवठे महांकाळकडचा, डावखुरा फिरकी, हातात प्रमाणपत्रांची पिशवी. मी त्याला पाणी दिलं, चहा दिला. जागा द्यायला नव्हती. त्याची बोटं लांब होती हे मला अजून आठवतं.

कुलकर्णीच्या कारकिर्दीकडं मी या टेबलाच्या मागून बघतो. त्याची पिढी मधल्या फटीत सापडलेली. कंपन्यांचा आश्रय ओसरत होता, आणि आयपीएल यायची होती २००८ साली. तोवर हे गोलंदाज निवृत्त झालेले किंवा होत आलेले. तीन कसोटी खेळलेल्या माणसाला समालोचनाच्या खोलीत खुर्ची मिळत नाही. जाहिरात मिळत नाही. प्रशिक्षक होता येतं, पण किती जणांना?

आणि इथं एक योगायोग आहे, तो मला फार बोलका वाटतो. कोलंबोच्या त्या ९५२मध्ये भारताचे तीन फिरकी गोलंदाज होते. राजेश चौहान २७६ धावा, अनिल कुंबळे २२३, कुलकर्णी १९५. तिघांना मिळून तीन बळी. त्यातल्या कुंबळेनं पुढं कसोटीत सहाशे एकोणीस बळी घेतले, दिल्लीत पाकिस्तानचे दहाच्या दहा घेतले, तो देशाचा कर्णधार झाला. कुलकर्णीचे दोन. आता या दोघांची तुलना करायची तरी कशी? पण २०१० साली, एकाच वर्षी, या दोघांनी खेळाशी संबंधित संस्था काढल्या. कुंबळेनं बंगळुरात 'टेनविक', कुलकर्णीनं मुंबईत ही व्यवस्थापनाची. सहाशे एकोणीस आणि दोन यांतलं अंतर या एका बाबतीत पुसलं गेलं. दोघांनाही एकच दिसलं असावं, की खेळ आता इतका मोठा झालाय की त्याला चालवणारी माणसं लागणार, आणि ती माणसं तयार करायची सोय कुठं नाही.

चालवणारी माणसं म्हणजे काय, हे बाहेरच्याला कळत नाही. आमच्या कारखान्याच्या स्पर्धेचं सांगतो. सोळा संघ, दोन रविवार. त्यासाठी मैदानाची परवानगी, पोलिसांना पत्र, पाण्याचा टँकर, मॅट ताणायला खिळे आणि चार माणसं, पंचांचा भत्ता, गुणलेखकाचं जेवण, पाऊस आला तर ताडपत्री, कोणाचं बोट मोडलं तर मिरजेच्या इस्पितळापर्यंत गाडी, आणि शेवटी चषक द्यायला पाहुणा, जो हमखास दोन तास उशिरा येणार. हे सगळं मी आणि एक शिपाई करायचो, तेही पगाराच्या कामातून वेळ काढून. आता हेच पुण्याजवळच्या गहुंजेच्या स्टेडियमच्या मापानं मनात आणा. तिकिटं, प्रवेशपत्रं, कॅमेऱ्यांच्या जागा, जाहिरातींचे फलक, खेळाडूंची विमानं आणि किटच्या पेट्या, उत्तेजक चाचणीसाठीची खोली, करारातली कलमं. मैदानावर बावीस खेळाडू असतात. बाहेर कामाला किती, ते मोजायला बसलं तर संध्याकाळ होईल. पूर्वी ही कामं संघटनेतली हौशी माणसं करायची, त्यांतली काही फार चांगली करायची, काही फक्त बिल्ला लावून फिरायची. आता त्यांचे पगार आहेत, म्हणून त्यांचं शिक्षण आलं.

कुलकर्णीनं केलं ते मला म्हणून मोठं वाटतं. बाळूला, नाडकर्णींना आणि आमच्यासारख्या बारक्यांना नोकरी दुसऱ्यानं दिली. क्लबानं, रेल्वेनं, कंपनीनं. देणाऱ्याची मर्जी होती तोवर दिली. कुलकर्णीला ती कोणी हातात आणून दिली नाही. त्यानं जागा तयार केली, आणि ती जागा अशी की तिथं न खेळलेला किंवा खेळून अर्ध्यावर राहिलेला पोरगाही उभा राहू शकतो. सत्तर षटकांत एक बळी मिळालेल्या माणसालाच हे सुचावं, यात मला काही नवल वाटत नाही. ज्याला पहिल्या दिवसापासून बळीच मिळत गेले, त्याला बाहेर बसलेल्यांची आठवण कशाला येईल? कुंबळे अपवाद, पण तो मुळात इंजिनिअर.

तरी एक गोष्ट बोललीच पाहिजे, नाहीतर हे भाषण संस्थेची जाहिरात व्हायचं. कारखाना आम्हाला पगार देऊन शिकवायचा. आताच्या या शिक्षणाला फी पडते, आणि मुंबई-पुण्यात राहायचा खर्च वेगळा. फी भरली म्हणजे नोकरी मिळतेच असं नाही, आणि नोकऱ्या आहेत त्या बहुतेक मोठ्या शहरांत. कोरेगावच्या किंवा तासगावच्या मुलानं ते शिकून गावी परत यायचं म्हटलं, तर त्याला कामावर ठेवणार कोण? जिल्ह्याच्या मैदानाला व्यवस्थापक नेमलेला मी तरी बघितला नाही. तिथं अजून आमच्यासारखा कोणीतरी आणि एक शिपाई, असाच कारभार आहे. स्मृती मानधना सांगलीत वाढली, तिच्यामुळं आता इथल्या नेटमध्ये सकाळी मुलीही पिशव्या घेऊन येतात. त्यांच्यातल्या कितीजणी भारताकडून खेळतील? उरलेल्या सगळ्यांचं काय, हे विचारणारं जिल्ह्यात कोणीतरी हवं.

माझ्या घरात हा प्रश्न सध्या रोज जेवणाच्या ताटावर असतो. माझ्या पुतण्याचा मुलगा एकोणीस वर्षांचा आहे. तोही डावखुरा फिरकी, हे रक्तात असावं. चेंडूला उंची चांगली देतो. महाराष्ट्राच्या एकोणीस वर्षांखालच्या निवड चाचणीला पुण्याला दोनदा जाऊन आला, दोन्ही वेळा यादीत नाव नाही. त्याचा बाप म्हणतो, "काका, तुमचं ऐकतो तो. तुम्हीच सांगा त्याला. एमपीएससीला बसवूया, बॉलिंगनं कुणाचं पोट भरलंय?" मी म्हणालो, "माझं भरलं की." तो म्हणाला, "तो काळ गेला काका." त्यावर मी गप्प बसलो, कारण त्या काळाच्या नोटिशीवर सही माझीच होती.

पोरगा हुशार आहे. निवड झाली नाही म्हणून रडत बसला नाही. गुणलेखन शिकला. पंच मंडळींकडून नियम समजून घेतले. तालुक्याच्या स्पर्धांत आता दिवसाच्या भत्त्यावर गुणलेखक म्हणून जातो आणि संयोजकांची अर्धी कामं ह्याच्याच गळ्यात पडतात. गेल्या उन्हाळ्यात एका स्पर्धेत पाहुणे उशिरा आले, तेव्हा ह्यानं बक्षीस समारंभ थांबवायचा सोडून अंतिम सामन्याचा दुसरा डाव आधी सुरू करून दिला. मला चाळीस वर्षांत हे सुचलं नव्हतं.

त्याला क्रीडा व्यवस्थापन शिकायचं आहे. मी त्याला कुलकर्णीचा सगळा हिशेब सांगितला, १९५ धावांसकट. त्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आजोबा, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बॉलिंगला येताना त्याला काय वाटलं असेल?" मी म्हणालो, ते त्यालाच विचार कधी भेटला तर.

मागच्या आठवड्यात पुतण्यानं दुधाच्या बिलाच्या मागच्या बाजूला आकडे मांडले. फी, मुंबईतली खोली, मेस, लोकलचा पास. दुसऱ्या बाजूला द्राक्षबागेचं यंदाचं उत्पन्न आणि सोसायटीचं कर्ज. माझ्या पेन्शनमधून मी थोडं घालायला तयार आहे, हे त्यानं आधी लिहिलं आणि मग खोडलं. आकडा अजून जमत नाही. प्रवेशाला जूनपर्यंत वेळ आहे. तोवर पोरगा रविवारी सकाळी नेटमध्ये गोलंदाजी करतो, आणि दुपारी मंडपात बसून दुसऱ्यांच्या धावा लिहितो.